एफ-वनचा गणपती

माणसाने कुणाला शब्द देऊ नये, आणि द्यायचाच झाला तर निदान तोंडात बिस्कीट असताना देऊ नये. मी विमलबाईंना शब्द दिला तेव्हा माझ्या तोंडात बिस्कीट होतं. त्यामुळे 'प्रयत्न करून बघतो, पण खात्री देत नाही' हे जे वाक्य यायला हवं होतं, ते चहाबरोबर घशाखाली गेलं आणि बाहेर नुसतं 'माझ्यावर सोडा' एवढंच आलं. मध्यमवर्गीय माणसाच्या बहुतेक आपत्ती 'माझ्यावर सोडा'पासून सुरू होतात. उरलेल्या 'घर आपलंच समजा'पासून.

आमची कंपनी रोह्याजवळ धाटावला. रंगाच्या कारखान्यांना लागणारी एक पावडर आम्ही बनवतो. ती नेमकी कुठल्या रंगात जाते ते मला विचारू नका, मी ती फक्त पिंपांत भरून पाठवतो. मी टिपणीस, डिस्पॅचचा इन्चार्ज, राहणार पेण, रोज एस.टी.ने जाऊन येऊन. माझ्या हाताखाली विमलबाई टायपिस्ट आणि गुणाजी शिपाई. हाताखाली म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. प्रत्यक्षात गुणाजी स्वतःच्या मनाखाली काम करत असे, आणि विमलबाई टाइप करायला लागल्या की मीच त्यांच्या हाताखाली कागद सरकवत असे.

सत्त्याण्णव साली, गणपती होऊन गेल्यावर, हेड ऑफिसने आमच्याकडे एक कॉम्प्युटर पाठवला. साधा नव्हे, युनिक्सवाला. आमच्या अकाउंट्समध्ये जो होता तो काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दाखवायचा आणि गप्प बसायचा. ह्याच्या पडद्यावर रंगीत चौकोन उघडायचे, त्यांना खिडक्या म्हणायचं. खाली एक पट्टी, पट्टीत चित्रं, चित्रांच्या वर आणखी खण. आणि हे सगळं उघडायचं, मिटायचं, सरकवायचं ते माऊसने. कॉम्प्युटरबरोबर एक पत्रही आलं. दसरा झाला की हेड ऑफिसचे कोरगावकर साहेब येतील. त्यांच्यासमोर आपल्या टायपिस्टने एक ऑर्डर घेऊन तिचं चलन, म्हणजे मालाबरोबर जायचा कागद, ह्या यंत्रावर काढून दाखवायचं. जमलं तर डिस्पॅच रोह्यालाच राहील. नाही जमलं तर डिस्पॅच तुर्भ्याला हलवण्यात येईल.

मला तुर्भे म्हणजे पेणहून उलट्या दिशेची एस.टी. मी कुरकुरलो असतो आणि गेलो असतो. विमलबाईंचं तसं नव्हतं. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, नवरा भाताच्या गिरणीवर दिवसभर, घर रोह्यात, ऑफिसपासून सायकलच्या टप्प्यात. दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन सासूबाईंना चार घास भरवून त्या परत येत. पत्र वाचून त्यांनी ते नीट घडी घालून मला परत दिलं आणि म्हणाल्या, "साहेब, तुर्भ्याला मी कशी जाणार? मी राजीनामाच देणार. मला खरंच भीती वाटतेय."

"अहो, चलन काढायचंय ना फक्त? तुमच्याइतकं टायपिंग हेड ऑफिसात तरी कुणाला येतं?"

"टायपिंग येतं हो. तो उंदीर नाही येत."

हे मात्र खरं होतं. विमलबाई ज्या इन्स्टिट्यूटमध्ये टायपिंग शिकल्या तिथले सर विद्यार्थ्यांच्या हातांवर टॉवेल टाकून टाइप करायला लावत. बोटांकडे बघणं हे पाप, आणि बोटं मधल्या ओळीवरून उठवणं हे महापाप. अशा बाईच्या हातात ती वस्तू द्यायची, जी बघितल्याशिवाय चालत नाही आणि हात उचलल्याशिवाय हाती येत नाही! त्या माऊस दोन बोटांत धरत, मेलेली पाल धरावी तसा. टेबलाची कड आली की त्या थांबत आणि मला विचारत, "आता कुठे जाऊ?" बाण पडद्यावर थरथरत राही. एकदा डबल क्लिक करायला सांगितलं तर त्यांनी एकदा दाबून, मान वर करून, माझ्याकडे बघून, मग दुसऱ्यांदा दाबलं. शेवटी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बिस्कीट खात होतो. मी म्हणालो, "माऊसला हात न लावता सगळं होईल अशी व्यवस्था करतो. माझ्यावर सोडा."

माझ्या बोलण्याला आधार नव्हता असं नाही. मला हेड ऑफिसात ट्रेनिंग मिळालं होतं. ट्रेनिंगमध्ये एका इंजिनिअरने सहज सांगितलं होतं की हव्या त्या बटणाला हवं ते काम जोडून देता येतं. बटण दाबलं की खिडकी उघडली, काम खलास. कसं जोडायचं ते त्याने जेवणाच्या सुट्टीनंतर सांगितलं असावं, कारण त्यानंतरचं मला फारसं आठवत नाही. त्या इंजिनिअरचं नाव सुशील. अडलं तर फोन करा, असं म्हणाला होता. मी केला.

"सोपं आहे सर," सुशील म्हणाला. "तुमच्या फोल्डरमध्ये एक फाइल आहे, तिच्यात बटणांच्या ओळी घाला."

"फोल्डरमध्ये तशी फाइल दिसत नाही."

"दिसणार नाही सर. तिच्या नावाआधी टिंब आहे. टिंब असलं की फाइल लपते. अडलं तर एफ-वन दाबा, हेल्प येते."

महत्त्वाचा कागद लपवून ठेवायचा आणि फक्त माहीतगाराला दाखवायचा, ही पद्धत मला तालुका कचेरीमुळे परिचयाची होती. त्यामुळे फाइल सापडली. पण तिच्यात लिहायला गेलो तर लिहू देईना. मी अक्षर दाबतोय आणि ओळीच पुसल्या जातायत! पुन्हा फोन. लिहायच्या आधी 'आय' दाबून लिहायच्या अवस्थेत जावं लागतं, असं समजलं. म्हणजे अर्ज करण्याआधी अर्ज करण्याची परवानगी. लिहून झाल्यावर बाहेर पडता येईना, तेव्हा तिसरा फोन. बाहेर पडण्याचीही एक रीत होती. कॉम्प्युटर अमेरिकेत जन्मला असेल, पण वाढला तो आपल्याच एखाद्या खात्यात, अशी माझी खात्री पटत चालली.

पहिलं बटण मी डिस्पॅचचं म्हणून 'डी' निवडलं. शहाणपणाने निवडलेलं, लक्षात राहायला सोपं. ओळ घातली, पडदा नव्याने सुरू केला, 'डी' दाबला आणि डिस्पॅचची खिडकी टपकन उघडली. मी गुणाजीला चहा सांगितला. चहा येईपर्यंत विमलबाई डोंबिवलीच्या पार्टीला पत्र टाइप करायला बसल्या. 'डी' दाबला, अक्षर उमटलंच नाही, डिस्पॅच उघडलं. पत्रात 'डिअर सर' होतं, 'ड्रम' होते, 'डिले' होता. पडद्याकडे बघायची त्यांना सवय नसल्याने त्या पान संपेपर्यंत थांबल्या नाहीत. मान वर केली तेव्हा डिस्पॅचवर डिस्पॅच चढलेलं होतं आणि पत्राचा पत्ता नव्हता. आधी कंट्रोल किंवा ऑल्ट धरून मगच अक्षर दाबायचं असं ठरवायला हवं होतं, नाहीतर अक्षरं सोडून वरची एफची बारा बटणं वापरायला हवी होती. हे मला सुशीलने चौथ्या फोनवर सांगितलं. हसू दाबायला त्याने कुठलं बटण वापरलं ते सांगितलं नाही.

घरी मी हा विषय काढायला नको होता. पण आमच्या आळीत विषय काढावा लागत नाही, ओसरीवर बसलं की निघतो. शेजारचे पुंडलिकराव एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. मी म्हटलं, बटणांचे शॉर्टकट करतोय. ते म्हणाले, "टिपणीस, माझं ऐका. शॉर्टकटच्या नादी लागू नका. वडखळ नाक्यावरची गर्दी चुकवायला आडरस्त्याला गेलेली किती वाहनं मी मिठागरात रुतलेली बघितलीत. सरळ रस्त्याने गेलेला उशिरा पोचतो, पण पोचतो."

पलीकडचा प्रविण गणपतीच्या कारखान्याचा मालक. पेणमध्ये कारखाना म्हटला की गणपतीचाच, बाकीच्यांना कंपनी म्हणतात. तो म्हणाला, "पण काय हो काका, पहिल्या बटणावर काय ठेवलंय?"

"एफ-वनवर? डिस्पॅच."

प्रविणने पुंडलिकरावांकडे बघितलं. आतून नमिता, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, लग्नाची पत्रिकासुद्धा श्री लिहिल्याशिवाय सुरू होत नाही. पहिल्या जागेवर पिंपं ठेवलीत?"

त्या क्षणी मला माझी चूक कळली आणि मी ती दुरुस्त करायचं ठरवलं, असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. मी एवढंच म्हणालो की कॉम्प्युटर देवधर्म मानत नाही. पण दुसऱ्या दिवशी प्रविणने त्याच्या यंदाच्या सगळ्यात गाजलेल्या मूर्तीचा फोटो घरी आणून दिला. खाली कारखान्याचं नाव आणि फोन नंबर छापलेला. ऑफिसात विमलबाईंनी तो बघितला, डोळे मिटून हात जोडले, आणि म्हणाल्या, "साहेब, आधी ह्यालाच बसवा. मग मला जरा धीर येईल." आता यावर कोण काय बोलणार? फोटो अकाउंट्सच्या स्कॅनरवर चढवला, कॉम्प्युटरवर घेतला, आणि एफ-वन गणपतीला दिलं. विमलबाईंनी घरून जास्वंदीचं फूल आणलं, ते कीबोर्डसमोर ठेवलं आणि स्वतःच्या हाताने एफ-वन दाबलं. पडद्यावर गणपती उघडला. गुणाजीने "मोरया" म्हटलं. प्रतिष्ठापना झाली.

त्यात एक छोटीशी अडचण होती. एफ-वन हे त्या यंत्रात मुळात मदतीचं बटण होतं.

"अडलंय तर एफ-वन दाबा," सुशील पाचव्या फोनवर म्हणाला.

"दाबलं."

"काय आलं?"

"गणपती."

"सर, गणपती काय म्हणतोय?"

"काही म्हणत नाही. बसलाय."

"मग सर," सुशील म्हणाला, "मीही यापुढे काय सांगणार?" आणि त्याने फोन ठेवला. मदत मागणाऱ्याला गणपती दिसावा यात शास्त्रदृष्ट्या काही चूक नाही, असं मी स्वतःला समजावलं.

आता विमलबाईंना लागणार होती चार बटणं. ऑर्डर, डिस्पॅच, चलन आणि प्रिंट. एफ-टू ते एफ-फाइव्ह. इतकं साधं. पण कंपनीत कॉम्प्युटरची बटणं वाटताहेत ही बातमी कँटीनमधून फिरली. मॅनेजर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. गणपतीनंतर लगेच कोण, असं त्यांनी हसत विचारलं. ते हसत विचारतात तेव्हा उत्तर ठरलेलं असतं. एफ-टू त्यांच्याकडे गेलं, त्यावर रोजचा उत्पादनाचा तक्ता. हा कॉम्प्युटर ते कधीच वापरत नसत, पण बटण त्यांचं. मग अकाउंट्सने विचारलं की आम्ही स्टोअर्सच्या मागे का. स्टोअर्सने विचारलं की आम्ही क्वालिटीच्या मागे का. मी म्हटलं, अहो, ही बटणं आहेत, पंगतीतली पानं नव्हेत! कुणी ऐकून घेतलं नाही.

मग युनियनचा हिरामण आला. खाडीकडच्या गावचा, आवाज मोकळा, गेटवर बोलला की प्लँटमध्ये ऐकू जायचा.

"टिपणीस सायेब, मॅनेजमेंटला बटन हाय. कामगाराला नाय?"

"हिरामण, अरे, तू त्या बटणाचं करणार काय?"

"ते आमी ठरवू. आदी बटन द्या. नायतर गेट मीटिंग लावतो."

एफ-सेव्हन कामगारांना गेलं. त्यावर काय ठेवायचं ते युनियनच्या बैठकीत ठरायचं होतं, आणि ते अजून ठरलेलं नाही. कँटीनवाल्या काळुरामने आजच्या भाजीसाठी एक मागून घेतलं, कारण त्याच्याशी वैर घेऊन कंपनीत कुणी जगू शकत नाही. विमलबाईंकडे जेव्हा यादी पोचली तेव्हा त्यांच्या वाट्याला एफ-नाइन ते एफ-ट्वेल्व्ह उरली होती, कीबोर्डच्या अगदी टोकाची, त्यांच्या आखूड करंगळीपासून सगळ्यात दूरची.

"चालेल साहेब," त्या म्हणाल्या. "पण आता तरी ह्यात बदल करू नका." आणि त्या सराव करायला बसल्या. खरं सांगतो, त्यांची ती करंगळी ताणलेली बघून मला वाईट वाटायचं. बाई मनापासून घोकत होत्या. नऊ, दहा, अकरा, बारा. ऑर्डर, डिस्पॅच, चलन, प्रिंट. माऊसवर त्यांनी एक स्वच्छ रुमाल झाकून ठेवला होता.

खंडेनवमीला त्यांनी न बघता, माऊसला हात न लावता, पहिलं चलन काढलं. प्रिंटरमधून कागद बाहेर आला तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या आणि मीही उभा राहिलो. आता कोरगावकर साहेब येवोत नाहीतर त्यांचे साहेब येवोत, असं मी मोठ्याने म्हणालो. असं मोठ्याने म्हणू नये.

खंडेनवमीला दुपारनंतर आमच्याकडे कंपनीत यंत्रांची पूजा असते. मोटारी, पंप, बॉयलर, तराजू, सगळ्यांना झेंडूची माळ, हळदकुंकू, समोर नारळ. पूजा झाली की यंत्र बंद. त्या दिवशी आणि दसऱ्याला हत्याराला हात लावायचा नाही. गुणाजीने विचारलं, "आन् ह्या कांपुटरला, सायेब?" मी म्हटलं, अर्थात. डिस्पॅचचं हत्यार तेच. गुणाजीने पडद्याला माळ घातली. कुंकू लावायला विमलबाईंना पुढे केलं, कारण गणपती बसवला त्यांनी होता. त्यांनी पाण्यात कालवलेलं कुंकू नेमकं एफ-वनवर लावलं, मॅनेजरच्या बटणावर नाही की युनियनच्या नाही. वर घरच्या भाताच्या अक्षता वाहिल्या. कॉम्प्युटर बंद झाला. दसरा गेला, मधला रविवार गेला, आणि सोमवारी आमची एस.टी. कोलाडपाशी पंक्चर होऊन मी ऑफिसात पोचलो तेव्हा कोरगावकर साहेबांची गाडी दारात उभी होती.

म्हणजे तपासून बघायला वेळ नव्हता. कोरगावकर साहेब उंच, गंभीर, चष्म्याच्या वरून बघणारे. मॅनेजर साहेब त्यांच्या मागे. दारात हिरामण, कामगारांचं बटण सुरक्षित आहे ना ते बघायला. गुणाजीने कॉम्प्युटर चालू केला. विमलबाई नवी साडी नेसल्या होत्या. त्या खुर्चीवर बसल्या, बोटं मधल्या ओळीवर टेकवली आणि पहिल्यांदा, देवाचं नाव घेऊन, एफ-वन दाबलं.

गणपती उघडला. साहेबांच्या भुवया वर गेल्या. मी म्हणालो, "शुभारंभ, सर." ते म्हणाले, "छान." तेवढ्यात दुसरा गणपती उघडला. मग त्याच्यावर तिसरा. विमलबाईंनी बोट केव्हाच उचललं होतं, पण बटण वर आलं नव्हतं. कुंकू वाळून घट्ट झालेलं, आणि त्यात अक्षतेचा एक दाणा फटीत जाऊन पक्का बसलेला. गणपतीमागून गणपती येत होता. किती ते मी मोजलं नाही, देव मोजू नयेत. चौकटीवर चौकट, सोंडेवर सोंड, आणि प्रत्येकाच्या पायाशी प्रविणचा फोन नंबर. यंत्र कण्हायला लागलं. मी धावत जाऊन एफ-नाइन दाबलं. काही झालं नाही. एफ-टेन दाबलं. आणखी गणपती. मग मी, अनुभवी माणूस, सुशीलला फोन लावला.

"सोपं आहे सर, एकेकाला मारून टाका," सुशील म्हणाला. फोन स्पीकरवर होता.

दारातून हिरामणचा आवाज आला, "कोनाला मारता?" मी फोन बंद केला.

तोवर गुणाजीने विमलबाईंच्या केसांतली पिन मागून घेऊन बटणाखाली घातली होती. दाणा टुणकन उडाला. बटण वर आलं. नवे गणपती यायचे थांबले. पण आलेले तसेच होते, सगळा पडदा भरून, आणि त्यांच्याखाली कुठेतरी आमचं डिस्पॅच. मी घाम पुसून म्हणालो, "आता सोपं आहे. ऑल्ट धरून एफ-फोर दाबलं की खिडकी मिटते. धडाधड मिटवतो." आणि बोट पुढे केलं.

"थांबा," कोरगावकर साहेब म्हणाले.

मी थांबलो.

"टिपणीस, आमच्या घरचा गणपती दरवर्षी पेणहून येतो. माझ्या आजोबांपासून." त्यांनी बूट काढले. कधी काढले ते मला दिसलंच नाही, मोजे दिसले. "असा धडाधड मिटवतात का? उत्तरपूजा नाही, काही नाही?"

आता ही गोष्ट हेड ऑफिसच्या पत्रात कुठेच नव्हती, पण बरोबर होती. विसर्जनाआधी अक्षता वाहून मूर्ती जागेवरून थोडी हलवायची असते, उत्तरेकडे. मगच ती निघायला मोकळी. बटण दाबून खिडकी मिटते, पण हलत नाही. हलवायची तर धरून सरकवावी लागते. धरून सरकवायला एकच साधन होतं, आणि ते रुमालाखाली होतं.

"मी हलवतो," मी म्हणालो.

"तुमच्याकडं सोयर हाय ना, सायेब?" गुणाजी म्हणाला. आदल्याच आठवड्यात माझ्या पुतण्याला मुलगा झाल्याचे पेढे मी स्वतः वाटले होते. "आन् तसंबी, ज्यानं बसवला त्यानंच हलवायचा."

सगळ्यांनी विमलबाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं संपलं. आता ह्या म्हणतील 'आता कुठे जाऊ?', साहेब घड्याळ बघतील, आणि दुपारच्या चार घासांचं काय ते सासूबाईंना कुणीतरी सांगावं लागेल. विमलबाईंनी रुमाल काढला, घडी केला, बाजूला ठेवला. माऊसला नमस्कार केला. मग त्यावर हात ठेवला, दोन बोटं नाही, अख्खा हात.

"उत्तर कुठे?" त्यांनी विचारलं.

गुणाजी म्हणाला कँटीनकडे. मॅनेजर साहेब म्हणाले गेटकडे. कोरगावकर साहेबांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बोट दाखवलं आणि निकाल दिला, "वर."

पहिला गणपती वर सरकायला बराच वेळ लागला. बाण थरथरला, निसटला, टेबलाची कड आली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माऊस उचलला, मागे ठेवला, पुन्हा धरला. गणपती इंचभर वर सरकला. कोपऱ्यातल्या चौकोनावर त्यांनी दोनदा टिचकी मारली, मधे मान वर न करता. खिडकी मिटली. "पुढच्या वर्षी लवकर या," हिरामण दारातून म्हणाला. दुसरा गेला. तिसरा गेला. प्रत्येकाला वेगळं "पुढच्या वर्षी". हळूहळू हात सैल झाला, बाण सरळ चालायला लागला. शेवटच्यांच्या वेळी तर विमलबाईंचे ओठ हलत होते, त्या आरती पुटपुटत होत्या आणि हात आपलं काम करत होता. मी टेबलाच्या बाजूला माझी बटणांची यादी हातात धरून उभा होतो.

शेवटचा गणपती गेला आणि खालून डिस्पॅचची पट्टी दिसली. मी पुढे वाकलो, "विमलबाई, एफ-नाइन..."

"श्श," कोरगावकर साहेब म्हणाले. "त्यांना करू द्या."

त्यांचा हात थांबलाच नव्हता. ऑर्डरच्या चित्रावर टिचकी. डावा हात मधल्या ओळीवर, उजवा माऊसवर, नंतर दोन्ही बटणांवर, परत माऊसवर. डिस्पॅच. चलन. प्रिंट. प्रिंटरने कागद बाहेर टाकला. विमलबाईंनी तो उचलला, घडी न घालता साहेबांना दिला, आणि मग एकदम तोंडाला पदर लावून रडायला लागल्या.

डिस्पॅच रोह्यालाच राहिलं. कोरगावकर साहेबांनी जाताना प्रविणचा फोन नंबर उतरवून घेतला, तो पडद्यावर इतक्यांदा येऊन गेला होता की तसा तो आम्हा सगळ्यांना पाठ झालेला होता. नंतर हेड ऑफिसहून पत्र आलं. माऊस आत्मसात करण्याची रोहा पद्धत कौतुकास्पद असून श्रीमती विमलबाईंनी इतर टायपिस्टना ती दाखवावी, असं त्यात होतं. माझा उल्लेख 'व इतर कर्मचारी' असा होता. घरी पत्र वाचून दाखवलं. पुंडलिकराव म्हणाले, "म्हणजे शेवटी सरळ रस्त्यानेच पोचलात." नमिताने फक्त भाजीत मीठ आहे का ते विचारलं.

त्या आठवड्यात एका दुपारी विमलबाई घरून परत आल्या, खुर्चीवर बसल्या, आणि जरा संकोचून म्हणाल्या, "साहेब, राग येणार नसेल तर एक विचारू?"

"विचारा की."

"ती तुमची बटणं... काढून टाकली तर चालतील का? चुकून हात लागतो हो, आणि भलतंच काहीतरी उघडतं."

माझ्या तोंडात बिस्कीट होतं, त्यामुळे मला काही बोलता आलं नाही. मी ती टिंबवाली फाइल उघडली, 'आय' न दाबता, कारण पुसायला परवानगी लागत नाही. ऑर्डर पुसलं, चलन पुसलं, मॅनेजर, अकाउंट्स, भाजी, सगळं पुसलं. हिरामणची ओळसुद्धा, ती तशीही रिकामीच होती. एक एफ-वनची ओळ ठेवली. विमलबाई म्हणाल्या तीही काढा ना. मी म्हटलं, ती राहू द्या. परत कधी कुणाला शब्द द्यायची वेळ आली, तर निदान आधी ते दाबून बघेन.